वाचक विचारतात : अमेरिकन मोकळे, युरोपियन आखडू?

मागच्या अंकात परदेशी पाहुण्यांच्या सवयींवर दोन ओळी लिहिल्या आणि या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं त्याच विषयावर आली. कुणाची लेक जर्मनीत, कुणाचा नातू टेक्ससला, कुणाचा माल दोन्हीकडे जातो. माझी सगळी नोकरी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, निर्यात विभागात झाली. जर्मन, इटालियन आणि अमेरिकन ग्राहकांशी पत्रव्यवहार, फोन, त्यांचे ऑडिट, त्यांना विमानतळावर आणायला जाणं हे रोजचं काम होतं. त्यातून जे पक्कं कळलं तेवढंच इथं लिहिते.

मुलीच्या काळजीतली एक आई, राजारामपुरी

*ताई, माझी मुलगी श्टुटगार्टजवळ राहते, मुलगा ओहायोत. मुलाकडे गेलो होतो तेव्हा रस्त्यातली अनोळखी माणसंसुद्धा हसून विचारपूस करायची. मुलीकडे वेगळंच. रविवारी दुपारी ती खलबत्त्यात मसाला कुटत होती, तर खालच्या मजल्यावरची बाई वर आली, बंद करा म्हणाली आणि निघून गेली. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मुलीला आता दिवस गेलेत. अशा कोरड्या माणसांत तिचं बाळंतपण कसं व्हायचं? जावयांना सांगून भावाकडे अमेरिकेलाच जा म्हणू का?*

ताई, घाईनं असं काही सांगू नका. आधी त्या बाईचं बघू. जर्मनीत रविवार हा घटनेनं राखलेला विश्रांतीचा दिवस आहे. १९१९ च्या वायमार घटनेत तसं कलम होतं आणि १९४९ च्या घटनेत ते तसंच घेतलं. म्हणून रविवारी दुकानं बंद असतात, भिंतीत ड्रिल मारायचं नसतं, रिकाम्या काचेच्या बाटल्यासुद्धा रस्त्यावरच्या टाकीत टाकायच्या नसतात, कारण खळखळाट होतो. वर राहणारी बाई जर्मन असती तरी खालची तशीच वर आली असती. शिवाय ती स्वतः येऊन तोंडावर सांगून गेली, घरमालकाला पत्र धाडलं नाही. तिथल्या रीतीनं ही शेजाऱ्याशी सरळ वागण्याची पद्धत आहे.

आता अमेरिकेतलं हसू. आपल्याकडे दोन टोकं ऐकू येतात. कुणी म्हणतं अमेरिकन किती प्रेमळ, तर कुणी म्हणतं सगळं वरवरचं. मला दोन्ही पटत नाही. तो देश अनोळखी माणसांनी भरला. न्यूयॉर्कच्या एकट्या एलिस बेटावरून १८९२ ते १९५४ या काळात सुमारे सव्वा कोटी माणसं आत आली. शेजारी पोलंडचा, समोरचा सिसिलीचा, पलीकडचा आयर्लंडचा. एकमेकांची भाषा येत नाही, घराणं माहीत नाही. तिथं 'माझ्यापासून तुला धोका नाही' हे चेहऱ्यानंच सांगावं लागतं. ३२ देशांतल्या लोकांचा अभ्यास करून मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हेच मांडलं, की जिथं शतकानुशतकं ठिकठिकाणचे लोक येऊन मिसळले, तिथं भावना उघड दाखवणं योग्य मानलं जातं. तेव्हा ते हसू खोटं नाही. पण ते मैत्रीचं वचनही नाही. आपली माणसं तिथं जाऊन दुखावतात ती या दुसऱ्या गोष्टीमुळे.

हे हसू उचलून दुसरीकडे नेता येत नाही, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेची वॉलमार्ट कंपनी १९९७ मध्ये जर्मनीत उतरली. दारात हसून स्वागत करणारी माणसं उभी करायची पद्धत तिनं तिथंही नेली. बऱ्याच जर्मन गिऱ्हाइकांना त्याचा संकोच वाटायचा. २००६ मध्ये कंपनीनं तिथली दुकानं विकली. मुख्य कारणं दर, स्पर्धा आणि कामगार कायदे ही होती, पण हा किस्सा आमचे जर्मन ग्राहकही सांगायचे.

ताई, बाळंतपण मात्र शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर ठरत नाही. ते रजेवर, विम्यावर आणि हाताशी असलेल्या माणसांवर ठरतं. तुमची लेक जर्मनीत नोकरीत असेल तर प्रसूतीच्या आधी सहा आठवडे आणि नंतर आठ आठवडे तिला भरपगारी रजा मिळते. त्यापुढे मूल सांभाळायला घरी राहिलं तर पगाराच्या साधारण दोन तृतीयांश, ठरावीक मर्यादेत, सरकार देतं. ही योजना २००७ पासून आहे आणि वडिलांनाही लागू आहे. बाळ झाल्यावर सुईण घरी येऊन बाळ-बाळंतिणीला बघते, तिचा खर्च विम्यातून होतो.

अमेरिकेत देशभर लागू असणारा कायदा १९९३ चा. बारा आठवडे रजा, तीही बिनपगारी, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनात, आणि तिथं निदान वर्षभर काम केलेलं असलं तरच. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क अशा काही राज्यांनी स्वतःची पगारी रजा आणली आहे, काही कंपन्याही चांगली रजा देतात. पण आज नोकरी सोडून नव्या देशात गेलेली गरोदर मुलगी त्या बारा आठवड्यांनासुद्धा पात्र ठरणार नाही. व्हिसाचा प्रश्न त्याहून मोठा. म्हणून म्हणते, घाई नको.

आणि अमेरिकेत नियम नसतात असंही समजू नका. मुलाला विचारा, त्याच्या कॉलनीत घरमालकांचा संघ आहे का? असे संघ गवत किती वाढू द्यायचं, दार कुठल्या रंगाचं असावं हेही ठरवतात. काही ठिकाणी अंगणात दोरीवर कपडे वाळत घालायला बंदी आहे, इतकी की फ्लोरिडासारख्या राज्यांना 'कपडे वाळत घालू द्या' असा कायदा करावा लागला.

लेकीला एवढंच सांगा. एखाद्या संध्याकाळी, रविवार सोडून, घरचं काहीतरी गोड घेऊन खालच्या बाईची बेल वाजव, नाव सांग, बाळ येणार आहे हे सांग. अमेरिकेत बऱ्याचदा जुना शेजारी नव्याकडे येतो. जर्मनीत नव्यानं आलेल्यानं स्वतःची ओळख करून द्यायची असते, आणि ही रीत आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. मसाला शनिवारी सकाळी कुटावा. बाळाच्या रडण्याची चिंता करू नका. पाळणाघरातला आणि खेळाच्या मैदानावरचा मुलांचा आवाज उपद्रव म्हणून मोजायचा नाही, असा कायदाच त्या देशानं २०११ मध्ये केला आहे.

मेकॅनिकलचा एक विद्यार्थी, कसबा बावडा

*ताई, पुढं शिकायला बाहेर जायचंय. कट्ट्यावर रोज वाद. एक गडी म्हणतो युरोपातली माणसं आळशी, ऑगस्टात सगळं बंद करून समुद्रावर. दुसरा म्हणतो अमेरिकन नुसते पैशाच्या मागं. लई गोंधळ झालाय. मी कुठं जाऊ?*

अरे, आळशी आणि पैशामागे हे दोन्ही शब्द आधी बाजूला ठेव. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत वर्षाला किमान चार आठवडे पगारी सुट्टी द्यावीच लागते. फ्रान्सनं १९८२ मध्येच पाच आठवडे केले. अमेरिकेत पगारी सुट्टीची सक्ती करणारा केंद्रीय कायदाच नाही. मालक देईल ती सुट्टी. आता सांग, फ्रेंच माणूस ऑगस्टमध्ये समुद्रावर गेला तर तो त्याचा स्वभाव की त्याचा हक्क? आणि विमा नोकरीला बांधलेला असेल, मुलांच्या कॉलेजचं कर्ज डोक्यावर असेल, तर अमेरिकन माणूस सुट्टी न घेता राबतो, त्याला हावरट म्हणायचं?

सगळा युरोपही एक नाही. कामगारामागे वर्षाचे तास मोजले तर अमेरिकेत सुमारे अठराशे भरतात, जर्मनीत चौदाशेच्याही आत. जर्मनीत अर्धवेळ काम करणारे पुष्कळ आहेत, त्यामुळेही आकडा खाली येतो. पण ज्या ग्रीसला युरोपातलेच लोक आळशी म्हणतात, तिथले तास अमेरिकेपेक्षाही जास्त आहेत. तुझ्या मित्राला हे जरूर सांग.

तुझ्या निर्णयासाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-वुर्टेनबर्ग राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. वर्षाच्या राहण्याखाण्याचे सुमारे बारा हजार युरो आधी खात्यात अडकवून दाखवावे लागतात. कामापुरती जर्मन शिकायला दोन वर्षं तरी धर. अमेरिकेत फी भरमसाट, भाषा सोपी, पगार मोठे. शिकून झाल्यावर तुझ्या शाखेला एक वर्ष अधिक दोन वर्षं काम करता येतं, पुढे नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाची सोडत, आणि ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग फार लांब. घरावर किती कर्ज काढावं लागणार, हे वडिलांजवळ बसून कागदावर मांड. मला विचारशील तर कर्ज काढून जाणाऱ्याला मी जर्मनीच सुचवते, पण भाषा मनापासून शिकणार असशील तरच.

एक फाउंड्री उद्योजक, शिरोली

*मॅडम, आमची छोटी फाउंड्री आहे. पंपाच्या बॉडीचे नमुने एका अमेरिकन खरेदीदाराला पाठवले. 'अप्रतिम काम' असं उत्तर आलं आणि नंतर ऑर्डरच नाही. जर्मन पार्टीनं तसल्याच मालावर दोन पानं चुका काढल्या. आम्ही तो नाद सोडून दिला, तर आता त्यांचाच फोन, पुढचे नमुने कधी? अमेरिकन गोड बोलून झुलवणारे आणि जर्मन खडूस, असं धरून चालावं का?*

नाही, आणि हे तुम्हाला कळकळीनं सांगते, कारण याच गैरसमजातून चांगल्या कारखान्यांची गिऱ्हाइकं गेलेली मी बघितली आहेत.

जर्मन खरेदीदारानं दोन पानं चुका काढल्या म्हणजे त्यानं तुमच्या नमुन्यावर वेळ घालवला. माल नको असता तर एका ओळीत नकार आला असता. जे बरोबर आहे त्याबद्दल तो लिहीत नाही, कारण बरोबर असणं हे त्याच्या मते ठरलेलंच आहे. ती यादी कामाची यादी म्हणून वाचा. ब्लो होल (हवेची पोकळी) कुठं, भिंतीची जाडी कुठं कमी, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) कुठं सरकला, प्रत्येक मुद्द्यापुढे तुम्ही काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून पाठवा. 'करून देतो, काळजी नको' असं आपण म्हणतो, त्याचा त्याला काही उपयोग नसतो. तारीख चुकणार असेल तर चुकण्याआधी कळवा. आमच्याकडे एक जर्मन ऑडिटर यायचे, शब्दानं कधी कौतुक केलं नाही, पण त्यांच्या कंपनीचं काम माझी नोकरी संपेपर्यंत चालू राहिलं.

अमेरिकन 'अप्रतिम' म्हणाला ते खोटं बोलला असं नाही. त्याच्याकडे बोलण्याची सुरुवात उत्तेजनानं होते. शाळेपासून तीच सवय असते. टीका असेल तर ती कौतुकाच्या दोन वाक्यांमध्ये ठेवलेली असते आणि आपण कौतुक तेवढं ऐकतो. ते पत्र काढून पुन्हा वाचा. 'फक्त एका गोष्टीचा विचार करता येईल का' असं काही असेल, तर तीच खरी तक्रार. तसं काही नसेल तर सरळ विचारा, पुढचा टप्पा कोणता, निर्णय कोण घेणार, कधी. अमेरिकन माणसाला सरळ विचारलेलं आवडतं. आपणच भीड धरून गप्प बसतो.

दुसरी शक्यता तपासा, की ज्यानं ते पत्र लिहिलं तो आता त्या कंपनीत आहे का? अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या अशा असतात की मालक कधीही काढू शकतो आणि माणूसही कधीही सोडून जाऊ शकतो. जर्मनीत नोटिशीचा काळ कायद्यानं ठरलेला आहे आणि नोकरी जितकी जुनी तितका तो वाढतो. वीस वर्षं झालेल्या माणसाला काढायचं तर सात महिने आधी सांगावं लागतं. त्यामुळे जर्मनीत एकच खरेदी अधिकारी तुमच्या बरोबरीनं म्हातारा होतो आणि अमेरिकेत फाइल नव्या हातात जाते. नव्या माणसाला तुमचा नमुना माहीतही नसेल. अमेरिकन गिऱ्हाइकाकडे निदान तीन जणांशी ओळख ठेवा, खरेदी, क्वालिटी आणि डिझाइन.

स्वभावापेक्षा कागदावरचे फरक जास्त महागात पडतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून थोडं लांबवते. युरोपचं ड्रॉइंग आपल्यासारखंच फर्स्ट अँगलमध्ये असतं, म्हणजे वरून दिसणारी आकृती समोरच्या आकृतीच्या खाली काढतात. अमेरिकेचं थर्ड अँगलमध्ये, तिथं ती वर असते. कोपऱ्यातली खूण बघितली नाही तर उजव्याचा डावा पॅटर्न (साचा करायचा नमुना) तयार होतो आणि सगळी बॅच भंगारात. जर्मन कागदावर १२,५०० लिहिलं असेल तर ते साडेबारा, स्वल्पविराम त्यांच्याकडे दशांशचिन्हाचं काम करतो. अमेरिकन कागदावर तेच साडेबारा हजार. अमेरिकन तारखेत महिना आधी असतो, तेव्हा पाठवणीची तारीख नेहमी महिना अक्षरात लिहून पक्की करा. बिडाची ग्रेड बघा : युरोपातलं ईएन-जीजेएल-२५० म्हणजे ताण सोसण्याची ताकद २५० मेगापास्कल, अमेरिकेतलं क्लास ३५ म्हणजे चौरस इंचाला ३५ हजार पौंड, जे सुमारे २४१ मेगापास्कल होतं. धातू जवळजवळ तोच, पण सर्टिफिकेट त्यांच्या भाषेतलं लागतं. जर्मन पार्टीला आजच फोन करा.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

*अमेरिकेला ना इतिहास ना संस्कृती, खरी सभ्यता युरोपची, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. आता नातू म्हणतो, आजोबा, हे चुकीचं आहे. आपलं मत?*

सर, नातवाचं ऐका. अमेरिकेची घटना १७८९ पासून चालू आहे. एक राज्य म्हणून इटली १८६१ मध्ये उभा राहिला, जर्मनी १८७१ मध्ये. फ्रान्सचं आजचं प्रजासत्ताक १९५८ चं. देवळं आणि राजवाडे युरोपात जुने, पण ज्या राज्यघटनेखाली लोक आज जगतात ती अमेरिकेची जुनी आहे. सभ्यतेचं म्हणाल तर अमेरिकेनं १८६५ पर्यंत माणसं गुलाम म्हणून विकली, आणि युरोपानं विसाव्या शतकात दोन महायुद्धं आणि ज्यूंचा संहार घडवला. कोणा एकाला सभ्यतेचा दाखला देऊन दुसऱ्याला नाकारणं मुलांना शिकवू नये असं मला वाटतं.

कोल्हापूरनं तर दोघांनाही जवळून पाहिलं आहे. रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथं आला, तेव्हा संस्थानावर इंग्रजांचं वर्चस्व होतं. शाहू महाराज १९०२ मध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याच्या राज्याभिषेकासाठी लंडनला गेले. त्या प्रवासात रोमचं कलोझियम पाहिलं आणि त्यातून खासबागेच्या मैदानाची कल्पना निघाली, असं आपण ऐकत आलो. पण मला सगळ्यात जवळची वाटते ती छत्रपती राजाराम महाराजांची हकिगत. इंग्लंड बघून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. दहन ही गोष्ट तिथल्या रीतीत बसणारी नव्हती. तरी त्या शहरानं परवानगी दिली आणि आर्नो नदीच्या काठी आपल्या पद्धतीनं अग्निसंस्कार झाले. तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आजही आहे आणि जवळच्या पुलाला लोक 'भारतीयाचा पूल' म्हणतात. ती छत्री उभारणारे चार्ल्स मँट म्हणजे आपल्या नव्या राजवाड्याचे वास्तुशिल्पी. मुलांना युरोप शिकवायचा तर सर, या गोष्टीपासून सुरुवात करावी.

सहलीला निघालेलं जोडपं, नागाळा पार्क

*आधी युरोपची सहल, मग मुलीकडे न्यू जर्सी. टिप, पाणी, स्वच्छतागृह, काय काय लक्षात ठेवू?*

अमेरिकेत हॉटेलात बसून जेवलात तर बिलावर १८ ते २० टक्के ठेवा. हे औदार्य नव्हे. टिप मिळणाऱ्या वाढप्यांचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून बदललेलं नाही. काही राज्यं जास्त देतात, पण वाढप्याचं घर बहुतेक ठिकाणी टिपवरच चालतं. फ्रान्समध्ये सेवेचा आकार किमतीतच असतो, खूश झालात तर चिल्लर ठेवा. जर्मनीत पाच-दहा टक्के धरून पैसे देतानाच गोल आकडा सांगायचा, टेबलावर ठेवून उठायचं नाही.

पाणी अमेरिकेत फुकट, बर्फ घालून येतं. नको असेल तर आधी सांगा. फ्रान्समध्ये नळाच्या पाण्याचा जग मागितला तर फुकट मिळतो, जर्मनीत बहुधा बाटली विकत घ्यावी लागते. दुकानातून घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीवर बहुधा २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकून ती परत घ्या. युरोपात स्टेशनावरच्या स्वच्छतागृहांसाठी एक-अर्ध्या युरोची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. फ्रेंच दुकानात शिरताना आधी नमस्कार केल्याशिवाय काही विचारू नका.

युरोपात पाटीवरची किंमत म्हणजे करासकट किंमत. अमेरिकेत कर गल्ल्यावर वाढतो आणि राज्याराज्यात वेगळा असतो. न्यू जर्सीत नेहमीच्या कपड्यांवर तो कर नाही, तेव्हा नातवंडांचे कपडे तिथंच घ्या.